लोकेच्छेचे व्याकरण : फॉकलंड-माल्विनास आणि चागोस यांविषयीच्या काही संहिता

१

१६ डिसेंबर १९६५ या एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लागोपाठच्या क्रमांकांचे दोन ठराव संमत केले. क्रमांक २०६५ चा ठराव दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांविषयीचा होता. क्रमांक २०६६ चा मॉरिशसविषयीचा, म्हणजे प्रत्यक्षात मॉरिशसपासून महिनाभरापूर्वीच तोडून काढलेल्या चागोस द्वीपसमूहाविषयीचा. दोन्ही ठिकाणी प्रतिवादी एकच होता : ब्रिटन. दोन्ही ठिकाणची बेटे लहान, जगाच्या वाहत्या वाटांपासून दूर आणि विरळ वस्तीची. या ठरावांवर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अंगाने विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यांतील शब्दयोजना, वाक्यरचना, नामे आणि मौने यांच्याकडे लक्ष देऊन, म्हणजे ज्या रीतीने साहित्यकृती वाचली जाते त्या रीतीने, ते शेजारी ठेवून वाचले तर एका शब्दाच्या निवडीपाशी वाचक थबकतो.

ठराव २०६५ चे मुख्य वाक्य अर्जेंटिना आणि ब्रिटन या दोन सरकारांना उद्देशून आहे. त्यांनी विनाविलंब वाटाघाटी कराव्यात आणि शांततामय तोडगा शोधावा, असे ते सुचविते. बेटांवर राहणारी माणसे या मुख्य वाक्यात कर्ता म्हणून येत नाहीत आणि कर्म म्हणूनही येत नाहीत. ती येतात एका गौण वाक्यांशात : वाटाघाटी करताना सनदेची उद्दिष्टे, १९६० चा वसाहतमुक्तीचा जाहीरनामा आणि बेटांवरील लोकसंख्येचे ‘हित’ ध्यानात घ्यावे. शब्द ‘हित’ हा आहे. ‘इच्छा’ हा शब्द टाळलेला आहे. ही निवड अनवधानाची मानता येत नाही. अर्जेंटिनाच्या पुढील सहा दशकांच्या भूमिकेचा डोलारा बऱ्याच अंशी या एका शब्दावर उभा आहे, आणि ब्रिटनचा प्रतिवादही तो शब्द हटवून त्या जागी दुसरा बसविण्यासाठी चाललेला आहे. १९८५ मध्ये आमसभेपुढील नव्या ठरावात स्वयंनिर्णयाचा उल्लेख घालणाऱ्या ब्रिटिश दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, तेव्हाही झगडा शब्दाचाच होता.

हित आणि इच्छा यांतील भेद केवळ कोशगत अर्थाचा नाही. तो पुरुषाचा, व्याकरणातील पुरुषाचा, भेद आहे. हित तृतीय पुरुषात सांगता येते. ज्याचे हित आहे त्याने ते उच्चारलेच पाहिजे असे नाही. वडील, वैद्य, वकील, सरकार यांपैकी कोणीही ते त्याच्या वतीने ठरवू शकते. मराठी घरात ‘तुझ्या हिताचेच सांगतो आहे’ हे वाक्य ज्या क्षणी उच्चारले जाते, त्या क्षणी ऐकणाऱ्याची इच्छा बाजूला सारली गेली आहे हे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणून असतात. इच्छेचा उगम मात्र प्रथम पुरुषात असतो. तिचे वृत्त दुसरा देऊ शकतो, तिची निश्चिती दुसऱ्याला करता येत नाही. आपल्या परंपरेत वक्त्याच्या अभिप्रेताला ‘विवक्षा’ असे नाव आहे, आणि विवक्षा म्हणजे मुळात बोलण्याची इच्छा. ज्याच्या ठिकाणी इच्छा मानलेली नाही त्याच्या ठिकाणी विवक्षाही मानलेली नसते. तो संकथनाचा विषय होतो. वक्ता होण्याची सोय त्याला उरत नाही.

मराठी वाचकाला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. सीमाप्रश्नाच्या चर्चेने त्याच्या कानावर चार तत्त्वे कायमची घातली आहेत : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यांपैकी पहिली तीन नकाशावर आणि जनगणनेच्या तक्त्यांत दाखविता येतात. चौथे तत्त्व दाखविता येत नाही, विचारावे लागते. म्हणूनच कदाचित ते यादीत शेवटी येते.

ठराव २०६६ मध्ये तर हेही द्वंद्व उद्‌भवत नाही. तेथे मॉरिशसच्या प्रदेशातून ‘काही बेटे’ लष्करी तळासाठी वेगळी काढण्याविषयी चिंता आहे आणि प्रदेशाचे विभाजन करू नये अशी सूचना आहे. ठराव वसाहतवादविरोधी आहे आणि त्याचा रोख योग्यच आहे. पण त्या ‘काही बेटां’वर माणसे आहेत याची खूण ठरावात नाही. तोडले जाणारे शरीर प्रदेशाचे आहे. फॉकलंडच्या रहिवाशांना गौण वाक्यांश तरी मिळाला. चागोसच्या रहिवाशांना तोही मिळाला नाही.

२

नावांपासून सुरुवात करणे सोयीचे. १६९० मध्ये जॉन स्ट्राँग या इंग्रज कप्तानाने दोन मोठ्या बेटांमधील सामुद्रधुनीला फॉकलंड या उमरावाचे नाव दिले. पुढे ते सगळ्या बेटांना लागले. १७६४ मध्ये बूगँव्हील याने सँ-मालो या फ्रेंच बंदरातून आणलेल्या माणसांची वसाहत तेथे केली. सँ-मालोवरून ‘मालुईन’ आणि त्याचे स्पॅनिश रूप ‘माल्विनास’. एक नाव इंग्लंडातील एका प्रतिष्ठिताचे, दुसरे फ्रान्समधील एका गावाचे. ज्या नावासाठी अर्जेंटिनाच्या शाळांत पिढ्यांनी नकाशे रंगविले ते नाव मुळात फ्रेंच खलाशांनी आपल्या घराच्या आठवणीने ठेवलेले होते, ही गोष्ट राष्ट्रवादी संकथनात सहसा उच्चारली जात नाही. पलीकडच्या बाजूलाही असेच विस्मरण आहे. ब्रिटिशांनी १७७४ मध्ये आपला तळ उठविला आणि १८३३ मध्ये युद्धनौका पाठवून तेथील अर्जेंटिनाच्या शिबंदीला घालवून दिले. मधल्या सुमारे साठ वर्षांचा उल्लेख ब्रिटिश कथनात घाईघाईने उरकला जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरात ही बेटे कंसासह लिहिली जातात : इंग्रजी व इतर भाषांत ‘फॉकलंड बेटे (माल्विनास)’, स्पॅनिशमध्ये ‘माल्विनास बेटे (फॉकलंड)’. भाषा बदलली की कंसाच्या आतले बाहेर येते आणि बाहेरचे आत जाते. चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याला इतका सुबक नमुना शोधूनही सापडणार नाही : चिन्हित वस्तू एकच, आणि तिच्यावरील हक्काची उतरंड केवळ विरामचिन्हाने व्यक्त झालेली. मात्र हा कंस तटस्थतेचे जे नाटक करतो त्यात एक तिसरे नाव सामावत नाही. बेटांवरील माणसे स्वतःला परंपरेने ‘केल्पर’ म्हणत आली आहेत. केल्प म्हणजे किनाऱ्यावर दाट वाढणारे समुद्रशैवाल. भूमीवरून न आलेले, उमरावावरून किंवा बंदरावरून न आलेले, पाण्याच्या कडेच्या वनस्पतीवरून आलेले हे नाव कोणत्याच ठरावात नाही.

या बेटांविषयीची पहिली महत्त्वाची वाङ्मयीन संहिता सॅम्युएल जॉन्सनची आहे. १७७० मध्ये स्पेनने पोर्ट एग्माँट येथील ब्रिटिश ठाणे हुसकून लावले आणि युद्धाचे वारे वाहू लागले, तेव्हा १७७१ मध्ये जॉन्सनने युद्धाच्या विरोधात एक पुस्तिका लिहिली. बेटे ओसाड, निरुपयोगी आहेत आणि त्यांच्यासाठी रक्त सांडण्यात लाभ होणार तो पुरवठादार आणि सट्टेबाज यांचा, असा तिचा रोख आहे. १९८२ मध्ये ती दोन्ही बाजूंच्या युद्धविरोधकांना पुन्हा आठवली, ते साहजिकच होते. जॉन्सनला सरकारी निवृत्तिवेतन होते आणि पुस्तिका मंत्रिमंडळाच्या सोयीची होती हे खरे असले तरी तिच्यातील युद्धाच्या भीषणतेचे वर्णन त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु या पुस्तिकेने पुढच्या साऱ्या विवेकी लेखनाला एक सवय लावून दिली : बेटांची किंमत शून्य ठरवून युद्धाचा मूर्खपणा सिद्ध करण्याची. जॉन्सनच्या काळी तेथे मोजकी शिबंदी होती, त्यामुळे त्याला दोष देता येणार नाही. दोनशे वर्षांनंतर मात्र ही युक्ती तितकी निरागस राहत नाही.

३

कंगव्यासाठी भांडणाऱ्या दोन टक्कल पडलेल्या माणसांची उपमा बोर्हेसच्या नावे सर्वत्र सांगितली जाते. तिचे चातुर्य वादातीत आहे आणि लष्करी राजवटीच्या उन्मादावर तिने केलेला आघातही नेमका आहे. पण उपमेचे अंतरंग तपासावे. उपमेय दोन राष्ट्रे, उपमान दोन टकली माणसे. बेटे ही कंगवा. कंगव्याला इच्छा नसते. २ एप्रिल ते १४ जून १९८२ या काळात त्या ‘कंगव्या’वर सुमारे अठराशे माणसे राहत होती. ६४९ अर्जेंटिनी आणि २५५ ब्रिटिश सैनिकांबरोबर तीन बेटवासीही मरण पावले. तिन्ही स्त्रिया होत्या, आणि त्या मेल्या त्यांची सुटका करण्यासाठी आलेल्या ब्रिटिश नौदलाच्या तोफगोळ्याने.

त्याच वर्षी बोर्हेसने लिहिलेल्या ‘हुआन लोपेस आणि जॉन वॉर्ड’ या छोट्या गद्यप्राय कवितेत हीच रचना अधिक करुण रूपात येते. दोन तरुण, इंग्रजाने स्पॅनिश शिकली ती ‘डॉन किहोते’ वाचण्यासाठी, अर्जेंटिनी तरुणाला कॉनरॅडचे वेड. ते मित्र झाले असते, पण एकदाच समोरासमोर आले, फार प्रसिद्ध झालेल्या काही बेटांवर, आणि दोघेही केन झाले, दोघेही एबल झाले. या कवितेचे मोठेपण नाकारण्याची गरज नाही. शत्रूच्या भाषेविषयीचे प्रेम हा तिचा गाभा आहे आणि तो बोर्हेसच्या साऱ्या लेखनाशी एकजीव आहे. तरीही ती सममितीची कविता आहे. दोन माणसे, दोन भाषा, दोन ग्रंथ, दोन भाऊ, आणि मध्ये एक रिकामी रंगभूमी. सममितीला तिसरा सहन होत नाही. बेटावरील एखाद्या मेंढपाळाने त्या दोघांना पाहिले असेल, ही शक्यता कवितेच्या भूमितीतच बसत नाही.

फोगविलची ‘लोस पिचिसिएगोस’ (१९८३) ही कादंबरी या भूमितीला वेगळ्या रीतीने छेद देते. युद्ध चालू असतानाच, जून १९८२ मध्ये, अवघ्या काही दिवसांत ती लिहिल्याचे लेखक सांगत असे. पळून गेलेले अर्जेंटिनी सैनिक जमिनीखालच्या बिळात राहतात, इंग्रजांशी देवघेव करतात, रॉकेल, सिगारेटी, साखर आणि विजेऱ्या यांचा हिशेब ठेवतात. स्वतःला ते ‘पिची’ म्हणवतात. हा अर्जेंटिनाच्या मुख्य भूमीवरचा एक बिळात राहणारा, कवचधारी प्राणी. येथे राष्ट्र, ध्वज आणि शौर्य यांचे सारे संकथन वस्तूंच्या यादीत विरघळून जाते, आणि युद्धकथेचा संकेत मोडण्याचे हे सामर्थ्य त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या कृतीत क्वचितच असेल. शेवटी शेगडीच्या वायूने सगळे गुदमरतात. एकच उरतो, आणि तो हे सारे एका लिहून घेणाऱ्याला सांगतो. म्हणजे कादंबरी आपल्या निवेदनाच्या अटी उघड करते : जिवंत राहिलेला बोलतो, दुसरा लिहितो. बेटवासी या व्यवहारात जवळजवळ नाहीतच. फोगविलला त्यांचे प्रयोजन नव्हते असे म्हणून हा प्रश्न सोडवता येईल, आणि कादंबरीपुरते ते उत्तर पुरेसेही आहे. परंतु राष्ट्रवादाची सर्वांत कठोर विरचना करणाऱ्या कृतीतही बेट हे मुख्य भूमीच्या अंतर्गत दुःखाचेच स्थान राहते, ही नोंद करावी लागते.

अर्जेंटिनातील विचारवंतांच्या वादात हा प्रश्न उघडपणे आला. १९८२ मध्ये मेक्सिकोत निर्वासित असलेल्या समाजवादी अभ्यासकांच्या एका गटाने लष्करशाहीला विरोध कायम ठेवून बेटांवरील हक्काला, आणि त्या ओघात त्या कृतीला, पाठिंबा दिला. साम्राज्यवादविरोध हा त्यांचा आधार होता. काराकासमधून लेओन रोझित्च्नर याने त्याला दीर्घ उत्तर लिहिले. ते १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आले. स्वतःच्याच लोकांना छळून नाहीसे करणारे सैन्य दुसरीकडे मुक्तिदाते कसे होऊ शकते, असा त्याचा प्रश्न आहे, आणि या सैन्याचे अपयश आपण इच्छिले हे तो लपवीत नाही. राष्ट्राचे हित आणि नागरिकाची इच्छा यांची ही फारकत, एका नागरिकाने जाहीरपणे स्वीकारलेली, त्या साऱ्या वादातील सर्वांत धैर्याची जागा आहे. पुढे २०१२ मध्ये सतरा अर्जेंटिनी विचारवंतांनी एक निवेदन काढले. त्यांत बेआत्रिस सार्लो ही साहित्यसमीक्षक होती. बेटवासीयांच्या इच्छेचा विचार केल्याशिवाय त्यांच्यावर सार्वभौमत्व लादता येणार नाही, असा त्याचा आशय. त्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. समीक्षेचे काम संहितेतील मौने ऐकण्याचे आहे असे मानले तर सार्लोचे तेथे असणे योगायोगाचे वाटत नाही.

हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की उत्तर-वसाहतवादी समीक्षेची एक सोयीची सवय आपल्याकडेही रुजली आहे. वसाहतवादी सत्ता आणि तिच्याविरुद्ध उभे राहिलेले तिसऱ्या जगातील राष्ट्र असे दोन पक्ष दिसले की बाजू आपोआप ठरते. अर्जेंटिनाचा युक्तिवाद या सवयीला अनुकूल आहे : बेटांवरील लोक हे ‘रोपलेली लोकसंख्या’ आहेत, १८३३ च्या बळजबरीनंतर आणलेले, म्हणून स्वयंनिर्णयाचा अधिकारी असा ‘लोकसमूह’ ते नव्हेत. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. बळाने घेतलेल्या भूमीवर आपली माणसे वसवायची आणि मग त्यांचे मत घ्यायचे, हा डाव जगात अनेक ठिकाणी खेळला गेला आहे. पण ‘रोपलेली’ हे रूपक वनस्पतीचे आहे. रोप लावणाऱ्याला इच्छा असते, रोपाला नसते. सात-आठ पिढ्या उलटल्यावरही माणसाला रोप म्हणत राहणे, आणि स्वतः युरोपातून आलेल्यांच्या वंशजांनी बहुसंख्येने भरलेल्या राष्ट्राने ते म्हणणे, यातील विसंगती वसाहतवादविरोधाच्या नावाखाली झाकून ठेवता येत नाही. १९९४ च्या अर्जेंटिनी राज्यघटनेतील पहिली संक्रमणकालीन तरतूद बेटे परत मिळविण्याचे ध्येय सांगताना रहिवाशांच्या ‘जीवनपद्धती’चा आदर राखण्याचे वचन देते. हित, जीवनपद्धती : शब्द बदलतात, पुरुष बदलत नाही. जीवनपद्धतीचा आदर संग्रहालयातही राखला जातो.

४

आता दुसरी बाजू. ‘रोपलेली लोकसंख्या’ या कल्पनेचा वापर ब्रिटनने स्वतः कसा केला हे पाहायचे तर हिंदी महासागरात यावे लागते.

चागोस बेटांवरही मूळची वस्ती नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच बागायतदारांनी आफ्रिका आणि मादागास्कर येथून गुलाम आणून नारळाच्या बागा लावल्या. त्या गुलामांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिले, क्रिओल बोलू लागले, तेथेच जन्मले आणि तेथेच पुरले गेले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून वेगळी काढून त्यांची निराळी वसाहत केली. ३० डिसेंबर १९६६ च्या पत्रव्यवहाराने ती अमेरिकेच्या लष्करी वापरासाठी खुली झाली. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजारांच्या आसपास माणसे मॉरिशस आणि सेशेल्स येथे आणून सोडण्यात आली. हे करता यावे म्हणून कागदोपत्री एक वर्गवारी करावी लागली : ही माणसे कायमची रहिवासी नव्हेत, करारावरील तात्पुरते मजूर आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी भाषकांचे वंशज आज त्या देशाचे नागरिक आहेत आणि त्यांच्या पूर्वजांच्या करारावरून त्यांना कोणी तात्पुरते ठरवीत नाही, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

१९६६ च्या ऑगस्टमधील ब्रिटिश परराष्ट्र व्यवहारातील एक अंतर्गत टिपण पुढे न्यायालयीन कामकाजातून जगापुढे आले. बेटांवर समुद्रपक्ष्यांखेरीज मूळची वस्ती राहणार नाही, असे वरिष्ठाने लिहिले. त्यावर डेनिस ग्रीनहिल या अधिकाऱ्याने शेरा मारला की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही टारझन किंवा ‘मॅन फ्रायडे’ही आहेत, ज्यांच्या मूळाचा पत्ता लागत नाही. हा शेरा सामान्यतः वंशद्वेषाचा पुरावा म्हणून उद्‌धृत होतो, आणि तो तसा आहेच. पण तो एक साहित्यिक संदर्भही आहे आणि त्या दृष्टीने तो पुरता वाचलेला नाही. टारझन हा कथेनुसार इंग्रज उमरावाचा मुलगा. विनोद करणाऱ्या अधिकाऱ्याला हे विस्मरण व्हावे, यात एक न मागता मिळालेला न्याय आहे. ‘फ्रायडे’ मात्र नेमका आहे. डीफोच्या १७१९ च्या कादंबरीत बेटावर येणाऱ्या त्या माणसाला स्वतःचे नाव असलेच पाहिजे. क्रूसो ते विचारीत नाही. त्याला ज्या वारी वाचविले त्या वाराचे नाव तो देतो आणि लगोलग आपल्याला ‘मालक’ म्हणायला शिकवितो. त्यानंतर ‘होय’ आणि ‘नाही’. भाषाशिक्षणाचा हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे : आधी मालक, मग होकार-नकार. ग्रीनहिलच्या शेऱ्यात विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि त्याचे अनेकवचन झाले. मूळ अज्ञात, हा शेवटचा घाव. ज्यांचे मूळ गुलामांच्या व्यापाराच्या वह्यांत शोधता आले असते त्यांचे मूळ अज्ञात ठरविणे हे इतिहासाचे अज्ञान नव्हते. ती एक प्रशासकीय कृती होती. कादंबरीने शिकविलेली पाहण्याची रीत धोरणात उतरते ती अशी. साहित्याच्या सामाजिक परिणामाविषयी आपल्याकडे जी ढोबळ चर्चा होते तिला या एका ओळीच्या शेऱ्याने पुष्कळ काही शिकविता येईल.

१९८६ मध्ये कोट्झीने ‘फो’ या कादंबरीत फ्रायडेला जीभच ठेवली नाही. ती कोणी कापली हे कादंबरी निश्चित सांगत नाही, आणि सूझन बार्टन त्याची कथा लिहवून घेण्यासाठी धडपडत राहते. त्या मौनापुढे निवेदनाची सगळी साधने थकतात. गायत्री स्पिव्हाक यांच्या गाजलेल्या प्रश्नाची ही कादंबरीय आवृत्ती आहे, असे सहज म्हणता येते आणि वर्गात तसे म्हटलेही जाते. परंतु चागोसच्या संदर्भात हा उत्तर-आधुनिक मौनाचा गौरव थोडा अडचणीचा ठरतो. चागोसच्या लोकांना जीभ होती. मॉरिशसला पोहोचल्यावर काहींनी जहाजातून उतरण्यास नकार दिला, सत्तरीच्या दशकापासून अर्ज केले, पुढे स्त्रियांनी रस्त्यावर निदर्शने केली, २००० मध्ये लंडनच्या न्यायालयात विजयही मिळविला. तो २००४ मध्ये राजाज्ञेने हिरावला गेला आणि २००८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते हिरावणे वैध ठरविले. येथे वाणीचा अभाव नव्हता. अभाव होता तो ऐकणाऱ्या पुरुषाचा, पुन्हा व्याकरणातील अर्थाने : तुम्हांला उद्देशून बोलणारा, आणि म्हणून तुमच्या उत्तराला बांधलेला, असा द्वितीय पुरुष.

मॉरिशसच्या शेनाझ पटेल यांची फ्रेंच कादंबरी ‘चागोसचे मौन’ (२००५) या कोंडीत उतरते. शार्लेझिया पतीच्या उपचारासाठी मॉरिशसला येते आणि परतीचे जहाज तिला मिळत नाही; बेटे बंद झालेली असतात. दुसरे सूत्र देझिरे या तरुणाचे. त्याचा जन्म विस्थापितांना आणणाऱ्या ‘नोर्दवेर’ या जहाजावर झालेला आहे, आणि लोक त्याला जहाजाच्याच नावाने चिडवतात. फ्रेंचमध्ये ‘देझिरे’ म्हणजे इच्छिलेला. ज्याच्या लोकांची इच्छा कोणत्याही ठरावात नोंदली गेली नाही त्याचे नाव ‘इच्छिलेला’, आणि जन्मस्थान पाणी. लेखिका या नावाचा कुठेही गाजावाजा करीत नाही, ही तिची संयत जाण. कादंबरीत दोष नाहीत असे नाही. बेटावरील पूर्वायुष्याची चित्रे अनेकदा नंदनवनाच्या साच्यात पडतात. नारळाच्या बागांतील कष्ट, मुकादमाची सत्ता आणि मजुरीतील पिळवणूक स्मरणरंजनाच्या प्रकाशात फिकी होते. शिवाय क्रिओल बोलणाऱ्यांचे दुःख साहित्यिक फ्रेंचमध्ये, आणि तेही ज्या राष्ट्राचा बेटांवर दावा आहे त्या राष्ट्रातील लेखिकेकडून, येत आहे. हे अंतर कादंबरी पुरते ओलांडीत नाही. पण ती ते लपवीतही नाही, आणि बोर्हेसच्या सममितीत ज्याला जागा नव्हती तो तिसरा येथे मध्यभागी येतो.

५

ब्रिटनने एका महासागरात बेटवासीयांची इच्छा सर्वोच्च मानली आणि दुसऱ्या महासागरात बेटवासीयांचे अस्तित्वच नाकारले. एकीकडे गोरे मेंढपाळ होते, दुसरीकडे गुलामांचे काळे वंशज. हा दुटप्पीपणा अनेकांनी दाखविला आहे. तो खरा आहे आणि पुन्हा पुन्हा सांगण्याजोगाही आहे. मात्र समीक्षेने तेथेच थांबणे धोक्याचे आहे, कारण मग चागोसचे लोक फॉकलंडविरुद्धच्या युक्तिवादातील एक उदाहरण होऊन बसतात आणि फॉकलंडचे लोक ब्रिटनच्या ढोंगाचा एक पुरावा. दोघांचीही इच्छा पुन्हा दुसऱ्याच्या वाक्यात गौण होते.

शिवाय फॉकलंडपुरतेही ब्रिटनचे ‘इच्छा’प्रेम अलीकडचेच आहे. १९६८ मध्ये अर्जेंटिनाबरोबर तयार झालेल्या सामंजस्याच्या मसुद्यात ब्रिटिश सरकारनेही बेटवासीयांचे ‘हित’ हाच शब्द स्वीकारला होता. संसदेत गदारोळ झाल्यावर ‘इच्छा’ पुढे आली. १९८० मध्ये सार्वभौमत्व देऊन बेटे भाडेपट्ट्याने परत घेण्याची योजना घेऊन मंत्री निकोलस रिडली बेटांवर गेले होते. १९८१ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने बऱ्याच बेटवासीयांना पूर्ण नागरिकत्वाबाहेर ठेवले होते, आणि ते त्यांना मिळाले युद्धानंतर, १९८३ मध्ये. म्हणजे त्यांची इच्छा सर्वोच्च ठरली ती तिच्यासाठी रक्त सांडून झाल्यावर. तोवर तीही वाटाघाटीतील एक बाब होती.

१० आणि ११ मार्च २०१३ रोजी फॉकलंडमध्ये जनमत घेण्यात आले. ब्रिटनचा सागरापलीकडील प्रदेश हा सध्याचा दर्जा कायम राहावा अशी तुमची इच्छा आहे काय, हा प्रश्न; होय किंवा नाही, ही उत्तरे. १,५१३ होय, ३ नाही. अर्जेंटिनाने ते निरर्थक ठरविले. त्या तीन नकारांविषयी पुष्कळ कुतूहल व्यक्त झाले, आणि ते समजण्यासारखे आहे. एकमताच्या भिंतीतील ती एवढीच फट. पण वाचनाच्या दृष्टीने प्रश्नाची घडण अधिक बोलकी आहे. इच्छा विचारली गेली ती दिलेल्या पर्यायांच्या चौकटीत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. ३४,०२१ मतांच्या फरकाने पाने जिंकली. स्वतंत्र घटक राज्याचे चिन्ह मतपत्रिकेवर नव्हते. ते राज्य १९८७ मध्ये आले. जनमताच्या प्रश्नाला लेखक असतो, आणि उत्तराला मात्र केवळ मोजणी असते. हे मान्य करूनही जनमताला लबाडी म्हणून झटकता येत नाही. फॉकलंडच्या मतदारांना ज्याने प्रश्न विचारला त्याने निदान द्वितीय पुरुष वापरला. ठराव २०६५ ने तेवढेही केले नव्हते.

चागोसच्या बाबतीत तो आजही वापरला गेलेला नाही. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध एक अशा मतांनी सल्ला दिला की १९६५ चे विभाजन संबंधित लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेले नव्हते आणि ब्रिटनने तेथील प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावे. ‘इच्छा’ हा शब्द अखेर आला. तो आला मॉरिशसच्या लोकांच्या संदर्भात. बेटांवरून काढलेल्यांचे पुनर्वसन हा मानवी हक्कांचा विषय म्हणून आमसभेकडे सोपविला गेला. वसाहतवादविरोधी अभ्यासकांनी या मताचे स्वागत केले ते रास्त आहे, आणि तरीही त्यातील संबंधकारकाकडे, ‘कोणाच्या’ इच्छेकडे, बोट दाखविणे भाग आहे.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या. त्यानुसार द्वीपसमूहावरील सार्वभौमत्व मॉरिशसचे आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात. दिएगो गार्सिया सोडून अन्य बेटांवर पुनर्वसनाची योजना राबविण्यास मॉरिशस मोकळा आहे, असे त्यात म्हटले आहे, आणि चागोसवासीयांच्या लाभासाठी ४ कोटी पौंडांचा निधी आहे. पहिल्या वाक्याचा कर्ता मॉरिशस; दुसऱ्यात चागोसचे लोक चतुर्थी विभक्तीत. वाटाघाटींत ते पक्षकार नव्हते. सह्यांच्या आदल्या रात्री दोनच्या सुमारास, दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या अर्जावरून लंडनमधील न्यायाधीशाने तात्पुरती मनाई दिली. आम्हांला विचारलेले नाही, एवढाच त्या अर्जाचा गाभा होता. दुपारपर्यंत मनाई उठली आणि सह्या झाल्या.